सलग बारा महिने

६ जून २०२४

आज मिलचा सीझन संपला. शेवटचा तांदूळ ट्रकात चढला, मी पट्टे सैल केले, बेअरिंगला ग्रीस भरलं, धान वर नेणाऱ्या एलेव्हेटरचे डबे झाडले आणि घरी आलो. आता नोव्हेंबरपर्यंत मी राईस मिलचा फिटर नाही. जे मिळेल ते करणारा माणूस आहे.

ही डायरी धानाच्या बियाणे कंपनीने दिलेली. पाच महिने कोरीच पडून होती. नागपूरच्या कामिनी मॅडम कॅनडाच्या अर्जांची कामं करतात. त्यांनी सांगितलं की आयटीआय झाल्यापासून कुठे, काय, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत केलं, ते सगळं आठवून लिहून काढा. आठवायला बसलो तर रोजचंही लिहावंसं वाटलं. पाहू किती दिवस टिकतं.

माझ्यासोबत आयटीआयला असलेला प्रविण तीन वर्षांपूर्वी तिकडे गेला. धान्याच्या गिरणीतच आहे, पण बाराही महिने. मला तेवढंच पाहिजे. आता बत्तीस पूर्ण होतील आणि तिकडे दर वाढदिवसाला गुण कमी होतात.

इंग्रजीची परीक्षा एप्रिलमध्ये झाली. मला चारही भागांत सहा, म्हणजे जेमतेम. रुचितानेही दिली, कारण बायकोच्या परीक्षेचे नवऱ्याच्या अर्जात थोडे गुण धरतात. तिला साडेसात, आठ पडले. तिला शांत बसून अभ्यास करता येतो. माझे कान मशीनने गेलेले.

८ जून

यादी झाली. मोहाडीच्या ट्रॅक्टर गॅरेजात दोन वर्षं, मिलमध्ये सात सीझन, पुण्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडून फिटर, धरणाच्या दारांना ग्रीस भरण्याचं एक काम, पाण्याच्या मोटारी, लोकांच्या शेतात धानाचे रोवणे. लिहिलं तर डायरीची चार पानं भरली. आपण एवढं केलं आहे हे मलाच माहीत नव्हतं.

रुचिता ड्युटीवरून आली, चहा घेतला आणि यादी इंग्रजीत करायला बसली. मोहाडीला एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये ती काम करते. लिहिता लिहिता म्हणाली, "माझं काय लिहायचं?"

"तुझं नाव, शिक्षण आणि परीक्षेचे मार्क. बस."

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिचं काऊन नाही मोजून राहिला रे? ते तं एक दिवस घरी राहत नाही."

मी आईला समजावलं की मुख्य अर्जदार एकच असतो. आईला या गोष्टी कळायला जड जातात.

१७ जून

पुंडलिकरावांकडे अनुभवाचं पत्र मागायला गेलो. मिल त्यांची. वाटलं होतं टाळाटाळ करतील, कारण चांगला फिटर कोणी सोडत नाही. पण त्यांनी खुर्ची दिली.

"काय लिहू, तूच सांग."

मी मॅडमनी दिलेला कागद दाखवला. काय काम, आठवड्याला किती तास, कधीपासून कधीपर्यंत. ते चष्मा लावून वाचत बसले. मग म्हणाले, "कधीपासून कधीपर्यंत, हे सात वेळा लिहा लागन. दर सालचं नोव्हेंबर ते मे. एका सालचं फेब्रुवारीपर्यंतच, तू पुण्याले गेला होता."

"हो, काकाजी."

"खोटं नाही लिहीन मी. पण काम मात्र पुरं लिहीन." आणि लिहिलं. धान सोलणारे रबर रोल बदलणं, शाफ्ट सरळ करणं, पॉलिशरची जाळी बसवणं, पट्ट्यांचा ताण पाहणं. मी जे हाताने करतो ते कागदावर वाचून बरं वाटलं. निघताना म्हणाले, "धान बाराही महिने आलं असतं तं तुले बाराही महिने ठेवलं असतं, अतुल."

त्यांनी हे का सांगितलं कळलं नाही. मी काही तक्रार केली नव्हती.

२५ जून

मॅडमचा फोन. मी पाठवलेली यादी आणि पत्रं त्यांनी वाचली.

त्या म्हणाल्या, "अतुल, प्रॉब्लेम आहे. कुठलंही एक काम, एकाच प्रकारचं, सलग बारा महिने पाहिजे. मध्ये खंड नको. पहिली अटच ती आहे. ती पूर्ण झाली की मग बाकीचा अनुभव मोजतात."

मी म्हटलं, मिलमध्ये सात सीझन आहेत.

"सात आहेत, पण प्रत्येक वेळी सात महिन्यांच्या आत तुटलेत."

गॅरेजच्या दोन वर्षांत मी हेल्पर होतो, ते काम त्या यादीत बसत नाही. उरलं पुणे. मार्च २०१८ ते जानेवारी २०१९. बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. अकरा.

मॅडमनी हेही सांगितलं की एकही तारीख खोटी देऊ नका. पकडलं तर पाच वर्षं दोघांनाही बंदी. मी म्हटलं, तसा विचारही नाही.

२ जुलै

पुण्याला आम्हाला नेणारे ठेकेदार गोपीचंद होते. आमच्या जिल्ह्यातली आयटीआयची पंधरा-वीस मुलं त्यांनी तिकडे लावली होती. आता ते धंदा सोडून गोसीखुर्द धरणाकडे, पुनर्वसनाच्या गावात राहतात. किराणा आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं आहे. पत्रासाठी आज तिकडे जाऊन आलो.

मला पाहून ओळखलं. केस पार पांढरे झाले आहेत. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. अकरा महिने म्हणताच मान खाली घातली.

"अकरा झाले का गेटचं कार्ड वापस घ्याचं, असं मले सांगितलं होतं. बारावा लागला का पोरगं कायम करा म्हणते. मी असे किती पोरायचे कार्ड घेतले." मग म्हणाले, "लेटरहेड अजून हाय माह्याजवळ. शिक्काही हाय. तेरा लिहून देतो."

मी म्हटलं, "काका, पण मी तर..."

"तो महिना मीच घेतला ना तुह्याजवळून. मीच वापस देऊन राहिलो. पैसे-गिसे काही नको मले." ते हसत नव्हते. "आमचं गाव उठलं तवा एक गोष्ट शिकलो. कागदावर जे हाय तेच हाय."

त्यांनी पत्र टाईप केलं. मार्च २०१८ ते मार्च २०१९. शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला आणि पत्र पाकिटात घालून दिलं. मी घेतलं.

९ जुलै

पाकीट कपाटात आहे. रुचिताला अजून सांगितलं नाही. आपल्याकडे रोवणे सुरू आहेत, मी रोज कोणाच्या तरी धानाच्या बांधीत असतो, वेळ मिळत नाही.

विचार केला तर यात कोणाचं नुकसान नाही. मी कामाला तयार होतो. कार्ड घेतल्यावरही वीस दिवस खोलीवर थांबलो होतो, परत बोलावतील म्हणून. माझ्याकडून खंड नव्हता. आणि एक महिना लोखंड घासल्याने माणूस काही जास्त फिटर होत नाही. अकरा महिन्यांत जे येतं ते येतंच.

हे लिहून ठेवलं म्हणजे मन स्वच्छ राहतं.

१४ जुलै

रविवार. रुचिता घरी होती. बाकी पत्रं तिने लॅबच्या मशीनवर स्कॅन करून आणली होती. मी पाकीट तिच्याकडे दिलं आणि म्हटलं, हे राहिलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबांचं क्रिएटिनिन मी ६ मार्च २०१९ ले केलं होतं."

मी पत्रावरच्या तारखा पुन्हा पाहिल्या.

"लॅबमध्ये लागून मले सात महिने झाले होते. तुम्ही बाबांले धरून आणलं. बाबा खुर्चीवर बसले आणि तुम्ही उभेच. मी म्हटलं बसा, तं तुम्ही म्हणाले, माझं रक्त नाही घ्यायचं. आजूबाजूचे सगळे हसले."

"आठवते मले."

"या कागदाप्रमाणं तुम्ही त्या दिवशी पुण्याले होता."

तिने पत्राची घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि पाकीट माझ्यासमोर सरकवलं. "पाठवाचं असन तं पाठवा. मी स्कॅन करून आणते उद्या."

ती आईसोबत भाजी तोडायला परसात गेली. मी तिथेच बसून राहिलो. बाबांची किडनी गेली आहे हे मला पहिल्यांदा तिनेच सांगितलं होतं. रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांना आजच भेटा म्हणाली होती, आणि डॉक्टर येईपर्यंत आमच्यासाठी लॅब उघडी ठेवली होती. बाबा सप्टेंबरात गेले. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. हे सगळं त्या फेब्रुवारीत मी घरी आलो म्हणून.

१५ जुलै

गोपीचंदकाकांना पत्र परत देऊन आलो. त्यांना वाईट वाटलं.

"मले वाटलं, तुह्यं एक काम तरी होईन माह्या हातानं."

"काका, अकराच लिहून द्या. जसे होते तसे."

त्यांनी नवीन पत्र केलं. या वेळी टाईप न करता हाताने लिहिलं. अक्षर सुंदर आहे. खाली एक ओळ त्यांनी स्वतःहून घातली, "काम संपल्यामुळे नव्हे तर ठेक्याच्या नियमामुळे यांना थांबवावे लागले." चहा पिऊन निघालो.

माझं आता काही होत नाही हे मला कळलं आहे. येताना बसमध्ये वाईट वाटलं नाही. घरी आल्यावर वाटलं.

२२ जुलै

मॅडमना प्रत्यक्ष भेटून फाईल बंद करावी म्हणून नागपूरला गेलो. त्यांनी अकरा महिन्यांचं पत्र पाहिलं, खरं दिलंत ते बरं केलंत म्हणाल्या. मग फाईल चाळताना रुचिताच्या परीक्षेच्या निकालावर थांबल्या.

"हे मिसेसचे मार्क आहेत? मिसेस काय करतात?"

"लॅबमध्ये असतात."

"लॅबमध्ये काय?"

मी म्हटलं, रक्त-बिक्त तपासतात.

"शिक्षण?"

"बीएस्सी. नंतर लॅबचा डिप्लोमा."

"किती वर्षं झाली? पगार बँकेत येतो? हुद्दा काय लिहिलाय?"

मला सांगता आलं नाही. बाहेर जिन्यात जाऊन रुचिताला फोन लावला. ती नमुन्यांत होती, पटापट बोलली. ऑगस्ट २०१८ पासून. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. बँकेत. लॅब टेक्निशियन. एकही महिना खंड नाही, लग्नाची सुट्टीसुद्धा पगारी होती. "काऊन, काय झालं?" म्हणाली.

मॅडमनी ते लिहून घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. गुणांचा आकडा माझ्यापेक्षा खूप वर होता. आरोग्याच्या कामांना तिकडून गुणांच्या क्रमाने वेगळी बोलावणी निघतात म्हणे. "अर्ज यांच्या नावाने करायला हवा होता," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कधी सांगितलंच नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि मीही विचारलं नाही."

२३ जुलै

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी तं जूनमधीच म्हटलं होतं."

खरं लिहायचं तर मला आनंद झाला नाही. व्हायला पाहिजे होता. चार पानांची माझी यादी पुन्हा वाचली. बारा वर्षांत इतकी कामं, आणि त्यातलं एकही नाही. आणि ती सहा वर्षं एकाच खुर्चीवर बसली म्हणून तिचं सगळं मोजलं जातं. असं मनात आलं. मग खुर्चीवर बसली हे आपण कशावरून म्हणतो, तेही मनात आलं. त्या लॅबच्या आत मी बाबांच्या वेळेनंतर कधी गेलोच नाही. सकाळी दारात सोडतो आणि वळतो.

रुचिताने ऐकून घेतलं. "बरं" म्हणाली.

२८ जुलै

पाच दिवस झाले, ती विषय काढत नाही. आज मोहाडीच्या बाजारातून येताना गाडी थांबवली आणि विचारलं, काय करायचं.

ती म्हणाली, "काय करायचं हे विचारून राहिले का मले जायचं आहे का हे विचारून राहिले?"

मी म्हटलं, दोन्ही.

"दुसरं तुम्ही आज पहिल्यांदा विचारलं. मागल्या दिवाळीपासून हे चालू आहे."

मी आठवून पाहिलं. प्रविणचा फोन आला तेव्हा मी घरात सांगितलं होतं, आपण जाऊन राहिलो. परीक्षेचा फॉर्म तिचा मीच भरला होता. तिने कधी नाही म्हटलं नाही, म्हणून मी धरून चाललो.

"मग आता विचारतो. तुले जायचं आहे काय?"

"सांगते. आठ दिवस द्या."

४ ऑगस्ट

रुचिताने उत्तर दिलं. आई समोर होती, तिनेच आईला बसवून घेतलं.

"मले जायचं आहे. यांच्यापेक्षा जास्त आहे. डिप्लोमा करत होती तेव्हापासूनच आहे. बोलली नाही, कारण आधी घरी कोणी पाठवलं नसतं, आणि मग यांचं सुरू झालं तं मी मधात कायले बोलू. यांच्या नावानं गेलो काय, माझ्या नावानं गेलो काय, जाणं झालं असतं. पण आता माझ्या नावानं जायचं आहे तं काही गोष्टी आधीच बोलून घेते."

तिने कागदावर लिहून आणलं होतं. तिकडे लॅबचं काम लगेच मिळत नाही, त्यांची परीक्षा द्यावी लागते, वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर ती शिकणार आणि घर मी चालवणार, काम कोणतंही असो. आईला एकटं ठेवायचं नाही. माझी मोठी बहीण रत्नमाला तुमसरला असते, तिच्याशी रुचिता आधीच बोलली होती. आणि शेवटचं, "नाही झालं तं कोणी कोणाले बोलायचं नाही."

आई म्हणाली, "मी रत्नमालेकडं दिवाळीपुरती जाईन. बाकी माह्या घरीच राहीन. माह्यासाठी थांबू नका." ती रडली नाही. उठून भात टाकला. भात थोडा करपला, तिच्याकडून असं कधी होत नाही.

२० ऑगस्ट

रुचिताच्या पत्राचं काम. डॉक्टरांनी तीन ओळी लिहून दिल्या, चांगल्या मनाने, पण तीनच. मॅडम म्हणाल्या, काम सविस्तर पाहिजे. डॉक्टर तिला म्हणाले, तूच लिही, मी वाचून सही करतो.

ती लिहीत होती आणि मी शेजारी होतो. रक्तातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं. सिकलसेलची तपासणी. थुंकीचे नमुने. मशीनचं रोज सकाळचं कॅलिब्रेशन. चुकीचा रिपोर्ट वाटला तर पुन्हा नमुना घेणं. धोक्याचा आकडा आला तर डॉक्टरांना तात्काळ कळवणं. पूर्ण पान भरलं.

कॅलिब्रेशन मला कळतं. मी म्हटलं, "मशीन रोज तूच लावते?"

"मग कोण लावन?"

मशीन बिघडलं तर काय करते विचारलं. तिने सांगितलं, आणि आम्ही तासभर मशीनवरच बोलत बसलो. लग्नाला तीन वर्षं झाली, एवढं कामावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

२० ऑक्टोबर

डिप्लोमा तिकडच्या बरोबरीचा आहे का, ती तपासणी होऊन आली. आता मुख्य फॉर्म. त्यात दोघांचीही दहा वर्षं लिहावी लागतात, महिन्यानुसार, एकही महिना कोरा सोडता येत नाही. हे गुणांसाठी नाही, माणूस कुठे होता एवढंच त्यांना पाहिजे असतं.

रुचिताची तीन ओळींत झाली. माझी दोन दिवस चालली आहेत. ती विचारते, मी सांगतो. जून २०१७? मोटारी. ऑगस्ट २०२२? धरणाची दारं.

"फेब्रुवारी १९ ते ऑक्टोबर १९?"

"रिकामा होतो. तसंच लिही."

तिने टाईप केलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिने लिहिलं होतं, वडिलांची देखभाल. "बरोबर आहे ना? बाबा सप्टेंबरात गेले. ऑक्टोबरचं काय लिहू?"

मी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हटलं, ऑक्टोबरमध्ये खरंच रिकामा होतो.

"मग तसं लिहिते," म्हणाली आणि लिहिलं.

१६ नोव्हेंबर

मिल सुरू झाली. नवीन धान ओलं आहे, रोल लवकर झिजतील. रुचिताचा अर्ज रांगेत लागून दहा दिवस झाले.

३ फेब्रुवारी २०२५

बोलावणी निघाली. आपलं नाव नाही, थोडक्यात राहिलं. रुचिता दिवसभर नेहमीसारखी होती. संध्याकाळी म्हणाली, फ्रेंच शिकू का, त्याचे गुण मिळतात. मी म्हटलं शिक. सकाळी पोळ्या आता मी करतो, तिला तेवढा वेळ मिळतो. पोळ्या गोल होत नाहीत. आई खाते, काही बोलत नाही.

८ मे

दुपारी मिलमध्ये फोन आला. आवाजात काही ऐकू येईना म्हणून गोदामाच्या मागे गेलो. रुचिता म्हणाली, "आलं."

"काय आलं?"

"बोलावणं."

अजून मेडिकल आहे, पोलिसांचा दाखला आहे, सगळे कागद पुन्हा तपासतील, व्हिसा पुढेच आहे. हे सगळं तिनेच मला सांगितलं. मग म्हणाली, नमुने थांबले आहेत, ठेवते.

१२ मे

पुंडलिकरावांना आज सांगितलं की पुढच्या नोव्हेंबरात बहुतेक मी नसेन, दुसरा फिटर आतापासून पाहून ठेवा. दोन हमाल पोती लावत होते, तेही थांबून ऐकू लागले.

"तिकडं मिल भेटली काय तुले?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"नाही, काकाजी. बोलावणं रुचिताले आलं, तिच्या कामावर. मी तिच्यासंगं जाऊन राहिलो."

हे वाक्य मी घरून ठरवून गेलो नव्हतो. हमालांपैकी एक हसला, मग पुंडलिकरावांकडे पाहून पोतं उचलू लागला. पुंडलिकराव माझ्याकडे वळले. मला वाटलं आता विचारतील, मग तू काय करशील.

"ते मोहाडीच्या लॅबमधली तुहीच बायको होय?"

"हो."

"मागच्या साली माही शुगर तिनंच धरली. दुसरीकडं नॉर्मल म्हणत होते." ते उठले, चष्मा खिशात घातला. "तिले म्हण, जाच्या आधी एकदा तपासून दे. तिकडं गेल्यावर मी कोणाले विचारू?"

संध्याकाळी रुचिताला घ्यायला गेलो. आज दाराशी थांबलो नाही, आत गेलो. ती मशीन बंद करत होती. पुंडलिकरावांचा निरोप सांगितला.

"उद्या सकाळी आठच्या आत या म्हणा," ती म्हणाली. "उपाशीपोटी."